सहावी ते आठवीला प्रोग्रामिंग सक्तीचं करावं का?

निशिगंधा
नमस्कार मंडळी. लेक यंदा सहावीत गेली. सांगली जिल्ह्यातली अनुदानित मराठी शाळा आहे, मी तिथल्या पालक-शिक्षक संघात आहे. गेल्या बैठकीत प्रस्ताव आला की पुढच्या वर्षापासून सहावी, सातवी, आठवीला कोडिंग (म्हणजेच प्रोग्रामिंग, संगणकाला सूचना लिहून देणं) सक्तीचं करायचं. आठवड्याला दोन तासिका, शेवटी वीस गुणांची परीक्षा. शिकवायला बाहेरची संस्था येणार, त्याचे मुलामागे वर्षाला अठराशे रुपये. आणि त्या दोन तासिका काढायच्या कुठून, तर चित्रकला आणि कार्यानुभवातून.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात माध्यमिकच्या आधीच्या टप्प्यावर, म्हणजे सहावी ते आठवीला, कोडिंगचे उपक्रम आणायचे असं म्हटलंय. त्याचाच दाखला देऊन प्रस्ताव मांडला. मी बी.कॉम. आहे, प्रोग्रामिंगशी माझा संबंध नाही. पण पुढच्या महिन्यात माझं मत द्यायचंय आणि ते नीट विचार करून द्यायचंय. अठराशे रुपये आमच्या निम्म्या पालकांना जड आहेत. दुसरीकडे, शहरातली मुलं हे शिकतायत आणि आपली मागे राहतील ही भीती खोटी वाटत नाही. तुमचे अनुभव सांगा.

मधुरा_पुणे
वाचतेय. आमच्या सोसायटीतही हीच चर्चा सुरू आहे.

जुना_प्रोग्रामर
सव्वीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढलीत आणि माझं मत सक्तीच्या विरोधात आहे.

लॉकडाऊनमध्ये मुलाला एक ऑनलाइन कोडिंग क्लास लावला होता. तो सातवीत होता. चाळीस तासांनंतर प्रमाणपत्र आलं, नातेवाइकांच्या ग्रुपवर फोटो गेले. एका रविवारी मी त्याला म्हटलं, चल, पाढे विचारणारा छोटा खेळ करू. रिकामा पडदा समोर आल्यावर पोरगा गप्प बसला. क्लासमध्ये शिक्षिका सांगेल तो सूचनेचा तयार ठोकळा पडद्यावर सांगेल तिथे ओढून सोडायचा, एवढंच झालं होतं. मग आम्ही दोघांनी तीन रविवार घालवून तो खेळ केला. उत्तर बरोबर असूनही खेळ 'चूक' म्हणायचा, कारण टाइप केलेला ५६ हा त्याच्या लेखी आकडा नव्हता, अक्षरं होती. ते त्याचं त्याला सापडलं तेव्हा तो खुर्चीवर उभा राहिला. चाळीस तासांत न मिळालेलं शिक्षण त्या पाच मिनिटांत झालं.

सक्ती आली की परीक्षा येते, परीक्षा आली की गाइड येतं. 'प्रोग्रामची व्याख्या लिहा, दोन गुण.' मुलं त्या विषयाचा कायमचा तिटकारा घेऊन बाहेर पडतील.

सह्यकडा
+१. आणि सगळ्यांना प्रोग्रामर व्हायचंय कुठे? मग शेती सक्तीची करा, सुतारकाम करा, स्वयंपाक करा. ते तर रोज लागतं.

अनघा_के
@सह्यकडा, विज्ञान सक्तीचं आहे म्हणून सगळे शास्त्रज्ञ झाले नाहीत. पण वीज कशी वाहते हे माहीत असलेला माणूस ओल्या हाताने बटण दाबत नाही. रेशनपासून शिष्यवृत्तीपर्यंत सगळं आता कुठल्या ना कुठल्या प्रोग्राममधून जातं. 'सिस्टीम घेत नाही' असं खिडकीवरच्या माणसाने सांगितलं, की आपण मान खाली घालून परत येतो. सिस्टीम म्हणजे कुणीतरी लिहिलेले नियम, आणि ते चुकू शकतात, हे प्रत्येक मुलाला कळायला हवं.

आणि स्वयंपाक सक्तीचा करण्याला माझं पूर्ण अनुमोदन, मुलग्यांसकट :)

गुरुजी_मेळघाट
जिल्हा परिषद शाळा, पहिली ते आठवी, आम्ही चार शिक्षक. मी गणित-विज्ञानाचा, पण पाचवीचा मराठीचा तासही माझाच.

दहा संगणक आलेत. काही वर्षांपूर्वी आले तेव्हा गावाने नारळ फोडला होता. पहिल्या उन्हाळ्यात बॅटऱ्या बसल्या. आता तीन चालू आहेत, बाकी सात मुलींनी शिवलेल्या कापडी खोळीत झाकून ठेवलेत. यू-डायसच्या (शाळांची माहिती गोळा करणारी सरकारी यंत्रणा) २०२३-२४ च्या अहवालात देशातल्या ५७.२ टक्के शाळांत चालू संगणक आणि ५३.९ टक्के शाळांत इंटरनेट होतं. आम्ही त्या 'चालू' संगणकांच्या रकान्यात मोजले जातो. तेव्हा वरून सक्तीचा आदेश आला, तर आधी भरेल ती आमची माहितीची ऑनलाइन लिंक, मुलांचं डोकं नाही. हे रागाने नाही, अनुभवाने लिहितोय.

पण आता दुसरी बाजूही ऐका. संगणकाशिवाय काय करता येतं ते गेली तीन वर्षं करतोय. सातवीला सांगितलं, सायकलची निघालेली चेन बसवायची कृती लिहा. आमच्याकडे हे प्रत्येकाला येतं, झोपेतही येतं. मग एकाने वाचायचं आणि दुसऱ्याने फक्त वाचलं तेवढंच करायचं. स्वतःची अक्कल वापरायची नाही, हा नियम. पहिल्या कागदावर होतं, 'चेन घ्या आणि लावा.' दुसऱ्या पोराने चेन घेतली आणि शांतपणे हँडलला लावली. वर्ग हसून लोळला. लिहिणारी पोरगी मात्र हसली नाही. कागद ओढून घेतला आणि लिहायला लागली. तिसऱ्या खेपेला तिच्या कागदावर होतं : 'चेन मागच्या लहान चक्रावर घाला. तिचा एक दुवा पुढच्या मोठ्या चक्राच्या सगळ्यात खालच्या दात्यावर बसवा. पायडल उलटं फिरवा. चेन पूर्ण बसेपर्यंत फिरवत राहा.'

'बसेपर्यंत फिरवत राहा.' प्रोग्राममध्ये एखादी गोष्ट अट पूर्ण होईपर्यंत पुन्हा पुन्हा करायला सांगतात, त्याला लूप म्हणतात. तिला लूप हा शब्द माहीत नाही. पण तिने तो लिहिला.

मधुरा_पुणे
गुरुजी, दंडवत!

जुना_प्रोग्रामर
@गुरुजी_मेळघाट, ही जर सक्ती असेल तर माझा विरोध मागे. कामावर येणाऱ्या नव्या मुलांना मी हेच शिकवत असतो, की यंत्राला तुमच्या मनातलं कळत नाही.

रेडिंगकर
मी इंग्लंडमध्ये एका सरकारी शाळेत हा विषय शिकवतो, त्यामुळे थोडं सविस्तर.

इथे सप्टेंबर २०१४ पासून कम्प्युटिंग पाचव्या वर्षापासून अभ्यासक्रमात आहे. त्याआधी आयसीटी नावाचा विषय होता, त्यात मुलं वर्ड आणि पॉवरपॉइंट शिकायची. रॉयल सोसायटी या विज्ञान संस्थेने २०१२ च्या अहवालात त्यावर कडक टीका केली आणि दोन वर्षांत विषय बदलला. अकरा ते चौदा वयोगटाला किमान दोन प्रोग्रामिंग भाषा, त्यातली एक तरी टाइप करून लिहायची, असं अभ्यासक्रमातच आहे. २०१६ मध्ये अकरा-बारा वर्षांच्या मुलांना मायक्रोबिट नावाचा तळहातावर मावणारा सर्किट बोर्ड फुकट वाटला, जवळजवळ दहा लाख.

कागदावर सुंदर. पण २०१४ मध्ये शिकवायला कोण होतं? आदल्या वर्षीपर्यंत स्प्रेडशीट शिकवणारे आम्हीच. मी रात्री पायथन ही प्रोग्रामिंग भाषा शिकायचो आणि सकाळी तेच वर्गात सांगायचो. मुलाने खोलातला प्रश्न विचारला की घाम फुटायचा. सरकारने शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी मोठा पैसा, ८.४ कोटी पौंड, ओतायला घेतला तो २०१८ मध्ये. म्हणजे विषय आधी आणि शिक्षक चार वर्षांनी. ही चूक आपण करू नये एवढंच तळमळीने सांगतो.

तरीही मी सक्तीच्या बाजूने आहे आणि त्याचं कारण मुली. वयाच्या चौदाव्या वर्षानंतर विषय ऐच्छिक होतो, तेव्हा संगणकशास्त्र घेणाऱ्या पाच विद्यार्थ्यांत जेमतेम एक मुलगी असते. सातवी-आठवीच्या वयात मात्र सक्ती असल्याने सगळ्या वर्गात असतात, आणि माझ्या वर्गातले सगळ्यात नेटके प्रोग्राम गेली तीन वर्षं मुलींचे आहेत. 'आवड असेल त्याने घ्या' म्हटलं, की आवड आहे असं घरून ज्याला आधीच सांगितलेलं असतं तोच येतो.

प्राची_लातूर
@रेडिंगकर, शेवटच्या परिच्छेदासाठी मनापासून आभार. मी त्याचं जिवंत उदाहरण आहे.

१९९८, आमच्या शाळेत आठवीला लोगो होतं. (लोगो ही मुलांसाठी १९६७ मध्ये अमेरिकेत तयार झालेली भाषा. पडद्यावर एक कासव, त्याला पुढे जा, वळ, असं सांगायचं.) सगळ्यांना सक्तीचं, म्हणून मला मिळालं. घरी विचारलं असतं तर भावालाच पाठवलं असतं.

पहिला चौकोन जमला. पुढे शंभर, उजवीकडे नव्वद, चार वेळा. मग बाई म्हणाल्या त्रिकोण काढा. समभुज त्रिकोणाचा कोन साठ, हे पाठ. मी लिहिलं, पुढे शंभर, उजवीकडे साठ, तीन वेळा. कासवाने त्रिकोण काढलाच नाही. तोंड उघडं असलेली वाटीसारखी काहीतरी आकृती आली, अर्धा षटकोन. मला वाटलं संगणक बिघडला. बाईंनी उत्तर सांगितलं नाही. म्हणाल्या, ऊठ आणि तू कासव हो. मी फरशीवर चालले, कोपऱ्यापाशी पोहोचले आणि वळताना लक्षात आलं की मी साठ नाही, त्याच्या दुप्पट वळतेय. आतला कोन साठ, पण वळायचं बाहेरच्या कोनातून, एकशेवीस. चौकोनात दोन्ही नव्वदच असतात म्हणून चूक झाकली गेली होती.

बाह्यकोन भूमितीच्या पुस्तकात होता, परीक्षेत मी तो सोडवलाही होता. कळला त्या फरशीवर. आज मी गाड्यांच्या ब्रेकसाठी लागणारं सॉफ्टवेअर तपासते. ती सक्ती नसती तर मी इथे नसते.

ओसाकावासी
प्राचीताईंचं वाचून राहवलं नाही. जपानने २०२० पासून प्राथमिक शाळेत प्रोग्रामिंग आणलं, २०२१ मध्ये पुढच्या टप्प्यावर वाढवलं. पण प्राथमिकला वेगळा विषय नाही, वेगळे गुण नाहीत. आहे त्या विषयात घातलंय. पाचवीच्या गणितात नियमित बहुभुज काढायला प्रोग्रामिंग वापरतात, म्हणजे ताईंचा त्रिकोणच! सहावीला विज्ञानात वीज कशी वाचवायची यासाठी. माझा मुलगा नववा कोपरा चुकला म्हणून रडत घरी आला होता, मग आम्ही ३६० ला नऊने भागलं आणि त्याचं रडू थांबलं.

निशिगंधाताई, हा मार्ग तुमच्या शाळेला जमेल का बघा. तासिका काढायचा प्रश्नच उरत नाही.

कोडवेडा_०९
एक प्रश्न. आता एआय दोन सेकंदांत कोड लिहून देतो. मी स्वतः नोकरीत निम्मा कोड त्याच्याकडून घेतो. सहावीतलं पोर मोठं होईपर्यंत हाताने कोड लिहायची गरज राहील का? केंद्र सरकारनेही २०२६-२७ पासून तिसरीपासूनच एआय आणि संगणकीय विचार (कामाचे छोटे, क्रमवार टप्पे पाडून विचार करणं) आणायचं जाहीर केलंय. मग थेट तेच शिकवा ना.

जुना_प्रोग्रामर
@कोडवेडा_०९, त्याच्याकडून घेतलेला निम्मा कोड बरोबर आहे हे तू ठरवतोस कशावरून? वाचून. वाचता येतं कारण कधीतरी लिहिलायस. कॅल्क्युलेटर आला तरी १९ गुणिले २१ चं उत्तर चार हजार दिसलं तर आपल्याला खटकतं, ते पाढ्यांमुळे. मुलांना ते खटकणं मिळायला हवं.

मालतीबाई
मी निवृत्त मराठी शिक्षिका. तुमचं सगळं कळलं असं नाही, पण 'संगणकीय विचार' हे आपल्याकडे अगदीच नवं आहे असं वाटत नाही.

वृत्तं शिकवताना आम्ही मुलांकडून एक ओळ पाठ करून घेत असू, 'यमाताराजभानसलगं'. आठ गण लक्षात ठेवायला. पहिली तीन अक्षरं घ्या, य-मा-ता, लघु-गुरु-गुरु, हा य गण. एक अक्षर पुढे सरका, मा-ता-रा, तिन्ही गुरु, हा म गण. असं एकेक अक्षर सरकत गेलं की दहा अक्षरांत आठही गण येतात, एकही दोनदा येत नाही. लघु आणि गुरु या दोनच गोष्टी, तीन जागा, म्हणून दोन गुणिले दोन गुणिले दोन, आठ. माझा नातू संगणक अभियंता आहे. त्याला हे सांगितलं तर तो जेवता जेवता थांबला आणि म्हणाला, आजी, आम्हाला हे कॉलेजात परक्या नावाने शिकवलं.

तेव्हा मराठीच्या तासाला पण बोलवा हो तुमच्या प्रोग्रामिंगला.

रेडिंगकर
मालतीबाई, उद्या वर्गात सांगणार आहे. साष्टांग नमस्कार.

सोलापुरी_चादर
बाईंनी काव्याचं सांगितलं, मी मागाचं सांगतो. आम्ही पद्मशाली, घरात तेलुगू, शाळा मराठी. सोलापूरच्या पूर्व भागात लहानपण मागाच्या खडखडाटात गेलं. चादरीवरची नक्षी जकार्ड नावाच्या यंत्रावर निघते. वर पुठ्ठ्याच्या पट्ट्यांची माळ फिरत असते, प्रत्येक पट्टीला भोकं. भोक असेल तिथे सुई आत जाते आणि तिच्या आकड्याला बांधलेला उभा धागा वर उचलला जातो. भोक नसेल तिथे धागा खालीच. एक पट्टी म्हणजे आडव्या धाग्याची एक फेरी. एका पट्टीत एक भोक चुकलं तर मोराची चोच प्रत्येक चादरीवर त्याच जागी तुटायची. वडील बोट फिरवून नेमकी पट्टी शोधायचे, चुकीच्या भोकावर कागद चिकटवायचे.

कॉलेजात कळलं की फ्रान्समध्ये १८०४ मध्ये निघालेल्या या यंत्राच्या पट्ट्यांवरून इंग्रज गणितज्ञ बॅबेजने आपल्या गणनयंत्राला भोकाच्या कार्डांनी सूचना द्यायची कल्पना घेतली, आणि १८९० च्या अमेरिकेच्या जनगणनेत मोजणी भोकाच्या कार्डांवरच झाली. मी त्या दिवशी वडिलांना फोन केला. म्हटलं, अण्णा, तुम्ही चाळीस वर्षं प्रोग्राम दुरुस्त करत होतात. शाळेत मला हे कुणी सातवीतच सांगितलं असतं, तर मागावर काम करतो म्हणून वडिलांचा धंदा सांगायला मी लाजलो नसतो.

अनघा_के
धाग्यावर खरा धागा आला! फार सुंदर प्रतिसाद.

म्हापशेकर
गोव्याचं कुणी लिहिलं नाही म्हणून. आमच्याकडे 'केअर्स' योजनेखाली सरकारी आणि अनुदानित शाळांत सहावी ते आठवीला कोडिंग आणि रोबोटिक्स आहे. माझी भाची कोकणी-मराठी घरातली, सातवीत. पावसाचं पाणी टाकीत किती भरलं ते दाखवणारा दिवा तिने केला. संगणक शिक्षक शाळेतलेच, त्यांना आधी प्रशिक्षण दिलं. मला यातलं महत्त्वाचं वाटतं ते हेच, की पालकांच्या खिशातून पैसा नाही आणि शिकवणारा माणूस उद्याही शाळेत असतो. शंका मधल्या सुट्टीतच येतात.

सह्यकडा
मालतीबाई आणि सोलापूरकरांनी माझं मत बरंच हलवलं, हे कबूल करतो. तरी निशिगंधाताईंचा मूळ प्रश्न मागे पडतोय. तासिका चित्रकलेच्या जाणार आहेत.

रंगपेटी
मी चित्रकला शिक्षक आहे, म्हणून पोटतिडकीने लिहितो. आमच्या तासाला नेहमी 'मोकळा तास' समजतात. गणिताचा पोर्शन राहिला, घ्या चित्रकलेचा तास. स्नेहसंमेलन आलं, घ्या चित्रकलेचा तास. आता कोडिंग.

माझ्या वर्गात एक मुलगा आहे. वाचन अडखळत, गणितात नापास. पण संकल्पचित्रात एक पाकळी काढून ती बारा वेळा नेमकी फिरवतो, कंपास न वापरता. कोडिंगला तो पुढे जाईल की नाही माहीत नाही, पण शाळेत तो येतो ते त्या एका तासासाठी. त्याचा तास काढून त्याला काय देणार? प्रोग्रामिंगला माझा विरोध नाही. प्राचीताईंच्या कासवाला माझ्या वर्गात जागा आहे, संकल्पचित्र आम्ही मिळून काढू. पण माझा तास काढून नको.

गुरुजी_मेळघाट
सरांच्या प्रत्येक शब्दाला अनुमोदन. सक्ती मुलांवर करण्याआधी शाळा चालवणाऱ्यांवर करा : चालू वीज, प्रशिक्षित शिक्षक, फी नाही, दुसऱ्याचा तास नाही. एवढी सक्ती पाळली, तर मुलांना विषय सक्तीचा वाटणारच नाही.

निशिगंधा
मंडळी, काल बैठक झाली. तुमचे प्रतिसाद छापून नेले होते, सगळे मिळून अकरा पानं.

ठरलं ते असं. बाहेरच्या संस्थेला नाही म्हटलं, त्यामुळे अठराशे रुपयेही गेले. तिन्ही इयत्तांना सगळ्यांसाठी प्रोग्रामिंग असणार, पण आठवड्याला एकच तासिका, आणि ती आताच्या संगणकाच्या तासातून. त्या तासाला मुलं आजवर टायपिंग आणि रंगवणंच करत होती. परीक्षा पहिली दोन वर्षं नाही. यावर जोरात वाद झाला, दोन पालक शेवटपर्यंत मान्य झाले नाहीत. त्यांचं म्हणणं, गुण नसले की मुलं मनावर घेत नाहीत. ते पूर्ण खोटं आहे असं मलाही वाटत नाही, म्हणून वर्षभराने पुन्हा बसायचं ठरलं. आमच्या गणिताच्या बाई आणि संगणकाचे सर दोघं मे महिन्यात प्रशिक्षण घेणार. चित्रकलेचा तास जागच्या जागी आहे, @रंगपेटी.

घरी आल्यावर लेकीला म्हटलं, सात ते चार मधल्या ठिपक्यांची रांगोळी काढायची कृती लिही, दादा अंगणात काढेल, तू बोलायचं नाही. तिने लिहिलं, सात ठिपके काढ, वर सहा काढ, त्यावर पाच, त्यावर चार, मग खालीही तसंच. दादाने सातच्या पहिल्या ठिपक्याच्या बरोबर डोक्यावर सहाचा पहिला ठिपका ठेवला आणि तशाच सरळ रेषेत ओळी चढवत गेला. एका बाजूने भिंत, दुसऱ्या बाजूने जिना. लेक दात-ओठ खात पाहत होती. मग दादाच्या हातातून कागद घेतला, दुसरी ओळ खोडली आणि लिहिलं, 'वरचा ठिपका खालच्या दोन ठिपक्यांच्या मधे ठेव. चार होईपर्यंत असंच कर.' सदतीसचे सदतीस ठिपके जागेवर आले.

@गुरुजी_मेळघाट, पहिल्या तासाला तुमचा सायकलच्या चेनचा खेळ घ्यायचा ठरलाय. किती वेळ लागतो?

गुरुजी_मेळघाट
फार आनंद झाला ताई. दोन तासिका सलग धरा. आणि त्या दिवशी मुलांना जुने कपडे घालून यायला सांगा, चेनचं ग्रीस निघत नाही.